ग्रीनच्या आधीचा ब्राऊन : पाइनहर्स्टचं जुनं गोल्फ मैदान, त्याचा जीर्णोद्धार आणि नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गवत हा माझा पोटापाण्याचा विषय. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो आणि पुढे तीसेक वर्षं क्रीडांगणं, बंगल्यांची लॉन आणि दोन-तीन गोल्फ मैदानं सांभाळली. आता सकाळी अंबाझरीला फिरायला जातो आणि येताना तर्री-पोह्याच्या टपरीवर थांबतो. तिथे लोक जे जे विचारतात ते एकदाचं लिहून काढलं. बरेचसे प्रश्न अमेरिकेतल्या एकाच मैदानाबद्दल आहेत. त्याचा दोष माझा, कारण विषय मीच काढतो.

पाइनहर्स्ट क्रमांक दोन म्हणजे काय?

नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं गोल्फचं मैदान. बोस्टनचे जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी सोडा फाउंटनच्या यंत्रांवर भरपूर पैसा कमावला होता. १८९५ मध्ये त्यांनी तिथली पाइनची झाडं तोडून उजाड झालेली, रेताड, कवडीमोल जमीन विकत घेतली आणि हवापालटासाठी गाव वसवलं. गावाचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कचेरीतून आला. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे ते हेच.

१९०० मध्ये डोनाल्ड रॉस नावाचा स्कॉटिश माणूस तिथे नोकरीवर आला. तो सुतारकाम शिकलेला होता आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस या नामांकित गोल्फपटूच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती. क्रमांक दोनची १८ होल (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून जमिनीतल्या भोकापर्यंतचा एक टप्पा) १९०७ मध्ये पूर्ण झाली. रॉसच्या नावावर पुढे चारशेच्या आसपास मैदानं लागली, पण त्याचं घर इथे, तिसऱ्या ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या तुकड्याला, लागून. १९४८ मध्ये वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, या एका मैदानाशी त्याची खुडबुड चालू होती. कधी बंकर (वाळूचा खड्डा) हलव, कधी उतार खरवड. आज जी मांडणी आहे ती मुख्यतः १९३५ ची.

सगळे सेंट अँड्र्यूजचं नाव घेतात. तुम्ही हेच काहून धरून बसलात?

सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स थोरलं आहेच. खेळ त्या देशात इतका जुना की १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून बॉल मारत बसतात म्हणून. गोल्फची १८ होलही सेंट अँड्र्यूजहूनच आली. आधी एका फेरीत २२ होत, १७६४ मध्ये काही होल एकत्र करून १८ केली. पण ते मैदान कुणी एकाने आखलेलं नाही. वारा, मेंढ्या आणि समुद्राने सोडलेली वाळू यांनी ते घडवलं, माणसाने नंतर हात फिरवला. त्याचं 'मूळ रूप' कोणत्या सालचं धरायचं हाच वादाचा मुद्दा.

पाइनहर्स्टचं तसं नाही. तिथे एक आखणारा होता, त्याची कागदपत्रं आहेत, मैदान बिघडलं कधी आणि सुधारलं कधी हे साल-महिन्यासह सांगता येतं. आणि दुसरं म्हणजे उन्हाळा, हराळी, वाळू, पाण्याचा हिशोब. हे सगळे आपले शब्द आहेत. स्कॉटलंडची थंड, दमट हवा ज्याने अनुभवली नाही त्याला तिथलं गवत समजावून सांगणं कठीण. पाइनहर्स्ट नागपूरच्या माळ्याला पाच मिनिटांत कळतं.

जीर्णोद्धार आणि नूतनीकरण यात फरक काय? दोन्हीत पैसाच लागतो ना?

लागतो. पण विदर्भातली हेमाडपंती देवळं आठवा. काळ्या दगडाला ऑइल पेंट फासायचा, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसवायच्या आणि बाहेर 'जीर्णोद्धार समिती'ची संगमरवरी पाटी लावायची. ते नूतनीकरण. तो पेंट खरवडून दगड पुन्हा दिसू देणं हा जीर्णोद्धार.

गोल्फमध्येही असंच आहे. नवा तलाव, नवा धबधबा, पांढऱ्याशुभ्र वाळूचे घडीव बंकर, हे सगळं वर चढवणं झालं. जुनं मैदान परत आणायचं तर मुख्य काम काढण्याचं असतं. जास्तीचं गवत, जास्तीचे पाइप, नंतर कुणी तरी हौसेने लावलेली झाडं, उगाच घातलेले उंचवटे. समितीपुढे हे पटवताना घाम फुटतो. पैसे देऊन वस्तू कमी होताना कुणालाच आवडत नाही.

तिथे आधी ग्रीनवर गवतच नव्हतं हे खरं?

खरं आहे, आणि माझी सगळी बडबड याच मुद्द्यावरून सुरू होते.

ज्या मैदानावर पुढे यूएस ओपन ही अमेरिकेची सगळ्यात मोठी स्पर्धा झाली, त्या क्रमांक दोनचे ग्रीन पहिली जवळजवळ तीस वर्षं वाळूचे होते. वाळूत थोडी चिकणमाती मिसळून दाबलेले, सपाट. त्या उन्हाळ्यात आणि त्या रेताड जमिनीत टिकेल असं बारीक गवत रॉसकडे नव्हतं. ते जमायला १९३५ च्या सुमारास लागलं, आणि १९३६ ची पीजीए ही व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा गवताच्या ग्रीनवर झाली. तोपर्यंत तिथे वर्षानुवर्षं नामांकित खेळाडू येत आणि वाळूवर पट (बॉल भोकाकडे घरंगळवणारा हलका फटका) मारून जात. मैदान कमी दर्जाचं आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

आपल्याकडच्या छावण्यांमधले जुने लोक याला ब्राऊन म्हणतात. ग्रीनच्या जागी ब्राऊन. भारतात लष्कराच्या कित्येक मैदानांवर ब्राऊनच होते, काही ठिकाणी अजून आहेत. माझे वडील एका छावणीत कारकून होते. आठवीत असताना रविवारी मी झुडपांतून हरवलेले बॉल शोधून द्यायचो. बॉलमागे चार आणे मिळत. तिथले ब्राऊन मी बघितले आहेत. तेरा-चौदा पावलांचं गोल वर्तुळ, मधोमध कप, म्हणजे बॉल टाकायचं भोक, आणि मे महिन्याच्या उन्हात चकाकणारी तेलकट वाळू. त्या मैदानाला 'गरिबाचं गोल्फ' म्हणणारे साहेबही होते. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. बाजूचं गवत जळून पिवळं पडलेलं असायचं आणि ब्राऊन मात्र जून, जानेवारी, कधीही सारखाच.

ब्राऊन करायचे कसे आणि खेळायचे कसे?

जमीन ठोकून सपाट करायची. वर चाळलेल्या नदीच्या वाळूचा पातळ थर. वाळू उडू नये आणि बॉल रुतू नये म्हणून तिला तेल चोळायचं. छावणीत गाड्यांचं काढलेलं ऑइल फुकट मिळे, तेच वापरत. (आज काळं ऑइल जमिनीत मुरवायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. विहिरी आहेत आजूबाजूला.)

बॉल ब्राऊनवर आला की एक पोरगा लोखंडी पाइप किंवा जुन्या गोणपाटाचा पट्टा ओढून बॉलपासून कपापर्यंत वाट साफ करी. मग पट. वाट सरळ, म्हणून पट सोपा, असं वाटेल. पण वाळू कोरडी की ओली, तेल कालचं की महिन्यापूर्वीचं, यावर वेग बदलतो. कपाचा व्यास मात्र ग्रीन असो वा ब्राऊन, सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर.

मग पाइनहर्स्ट बिघडलं कसं?

कुणी मुद्दाम बिघडवलं नाही. रॉसच्या मैदानात फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, रुंद होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना उघडी वाळू, पाइनच्या सुया आणि वायरग्रासचे झुबके. वायरग्रास म्हणजे तारेसारख्या बारीक पात्याचं, बुंध्याबुंध्याने वाढणारं तिथलं रानगवत. बॉल तिकडे गेला तर कधी साफ वाळूत बसेल, कधी झुबक्याच्या बुडाशी. नशिबाचा भाग.

रॉस गेल्यावर काळ बदलला. रंगीत टीव्ही आला, टीव्हीवर हिरवंगार मैदान छान दिसू लागलं. सत्तरच्या दशकात टफ्ट्स कुटुंबाकडून मालकी दुसऱ्या कंपनीकडे गेली. पाण्याच्या नळ्या वाढल्या. जिथे नळी पोहोचली तिथे हराळी पोहोचली, आणि हराळीला सीमा कळत नाही हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. वाळूचे पट्टे झाकले गेले. मोठ्या स्पर्धांसाठी फेअरवे अरुंद करून बाजूला जाड रफ, म्हणजे मुद्दाम उंच ठेवलेलं गवत, वाढवला. शेवटी उरलं काय? इतर शंभर मैदानांसारखं एक हिरवं मैदान. १९९९ मध्ये पेन स्ट्युअर्टने शेवटच्या होलवर पंधरा फुटांचा पट टाकून यूएस ओपन जिंकली ती याच हिरव्या अवतारात, त्यामुळे तो अवतार वाईट होता असं म्हणण्याची कुणाची हिंमत होईना.

जुना आकार कळला कसा? अंदाजाने केलं का?

आपल्याकडे काही वर्षांपूर्वी कस्तुरचंद पार्कात खोदकाम चालू असताना जुन्या तोफा निघाल्या, आठवतं? रोज हजारो लोक त्यावरून चालत होते. जमीन काही विसरत नाही.

पाइनहर्स्टला तीन गोष्टी कामी आल्या. गावातल्या संग्रहालयात रॉसचे आराखडे आणि जुने फोटो जपून ठेवलेले होते. दुसरं, १९४३ मध्ये विमानातून घेतलेले फोटो मिळाले. युद्धाचे दिवस, रॉस हयात, मैदान त्याच्या मनासारखं. वरून प्रत्येक फेअरवेची कड, प्रत्येक वाळूचा ओघळ स्पष्ट.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. जमिनीखाली पाण्याची जुनी पाइपलाइन सापडली. रॉसच्या काळात प्रत्येक फेअरवेच्या मधोमध एकच नळी जायची. तिचा फवारा जेवढा लांब तेवढंच गवत हिरवं, पुढे वाळू. म्हणजे नळी सापडली की फेअरवेचा मध्य सापडला, आणि फवाऱ्याची फेक मोजली की कड सापडली. एखाद्या प्लंबरने आराखडा लिहून ठेवावा तसं झालं.

इतर जुन्या मैदानांवर लोखंडी सळई किंवा माती काढायची पोकळ नळी वापरतात. दर दोन फुटांवर टोचायची. गवताखाली चार-सहा इंचांवर अचानक स्वच्छ वाळू लागली की समजायचं, इथे बुजलेला बंकर आहे.

२०१०-११ मध्ये नेमकं काय केलं?

काम बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीला दिलं. क्रेनशॉ मास्टर्स ही मानाची स्पर्धा दोनदा जिंकलेला, कूर नॉर्थ कॅरोलिनाचाच. कॉलेजच्या वयात याच मैदानावर खेळलेला, त्यामुळे त्याला कागदाशिवायही बरंच आठवत होतं.

त्यांनी ३५ एकरांच्या आसपास हराळी अक्षरशः सोलून काढली. खालची वाळू उघडी केली. वायरग्रासची लाखाच्या वर रोपं लावली. पाण्याच्या तोट्या ११५० होत्या त्या ४५० वर आणल्या, आणि पुन्हा फेअरवेच्या मध्यातूनच. रफ नावाचा प्रकार पूर्ण काढून टाकला. आता गवताच्या दोनच उंच्या, ग्रीनची आणि बाकी सगळ्याची. फेअरवे रुंद झाले. ग्रीनना मात्र जवळजवळ हात लावला नाही.

ग्रीनचं शहाणपण सांगण्यासारखं आहे. क्रमांक दोनचे ग्रीन उलट्या ताटासारखे, कासवाच्या पाठीसारखे आहेत. बॉल मध्यावर पडला तरी कडेने घरंगळतो. लोक म्हणतात रॉसने असेच केले. जाणकार म्हणतात की दशकानुदशकं ग्रीनवर वाळू पसरत राहिल्याने मधला भाग फुगत गेला, रॉसच्या काळी ते एवढे उंच नसावेत. मग ते खरवडून खाली न्यायचे का? कूर-क्रेनशॉंनी नाही नेले. त्या ग्रीनवर आता सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा खेळ झाला होता, लोक त्यांनाच क्रमांक दोन म्हणून ओळखत होते. मी असतो तर बहुधा हेच केलं असतं, पण रात्रभर झोप लागली नसती.

टीव्हीवर तर ते वाळकं दिसलं. पैसे खर्चून मैदान वाळवलं म्हणायचं का?

२०१४ मध्ये पुरुषांची आणि बायकांची यूएस ओपन पाठोपाठच्या आठवड्यांत याच मैदानावर झाली. असं पहिल्यांदाच घडलं. मार्टिन कायमर आठ फटक्यांनी जिंकला, पुढच्या रविवारी मिशेल वी. तेव्हाही हीच तक्रार झाली की कडा तपकिरी, मैदान मेलेलं. २०२४ ला ब्रायसन डीशॅम्बो शेवटच्या होलवर बंकरमधून बॉल काढून जिंकला, तोपर्यंत लोकांना त्या वाळूची सवय झाली होती.

तपकिरी हराळी मेलेली नसते. झोपलेली असते. तुमच्या घरासमोरची हराळी एप्रिलमध्ये पाणी बंद करून बघा आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर आठ दिवसांनी पुन्हा बघा.

ग्रीन आपोआप लहान होतात म्हणता, ते कसं?

यंत्र चालवणारा माणूस कडेला आला की अर्धा इंच आतून वळतो. बाहेर गेला तर रफ छिलला जाईल आणि सुपरवायझर ओरडेल, या भीतीने. रोजचा अर्धा इंच. वीस वर्षांत ग्रीनचा पाव भाग गेलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. चौकोनी ग्रीन गोल होतात, कोपरे जातात, आणि आखणाऱ्याने कप ठेवायच्या ज्या अवघड जागा कोपऱ्यांत योजलेल्या असतात त्याच नेमक्या हरवतात. जीर्णोद्धारातलं सगळ्यात स्वस्त काम हेच, कड ओळखून यंत्र पुन्हा बाहेरपर्यंत न्यायचं.

झाडं तोडावी लागतात का?

तिकडे लागली. पेनसिल्व्हानियातलं ओकमाँट हे १९०३ चं मैदान मुळात उघडं-बोडकं होतं. पुढे तिथे हौसेने झाडं लावली आणि नव्वदच्या दशकात ती काढायला घेतली. सभासद चिडतील म्हणून सुरुवातीला अंधारात, पहाटे तोडत आणि उजाडायच्या आत बुंधा बुजवून वर गवत लावत. अशी हजारो झाडं गेली. तांत्रिक कारण खरं आहे. सावलीत आणि कोंदट हवेत ग्रीनचं गवत विरळ होतं, त्याला बुरशी लागते.

पण हे नागपुरात चालवायला जाऊ नका. पहिलं म्हणजे १९७५ चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा आहे, शहरात परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही. दुसरं, अजनी वन वाचवण्याच्या आंदोलनाच्या वेळी या शहराने झाडांसाठी काय केलं ते आपण बघितलंय. आणि तिसरं, मे महिन्यात अठराव्या होलपर्यंत चालत जाणाऱ्याला विचारा, कडुनिंब पाहिजे की 'मूळ दृश्य'? ग्रीनच्या पूर्वेची, सकाळचं ऊन अडवणारी एखादी फांदी रीतसर परवानगी काढून छाटा. तेवढं पुरतं. पाइनहर्स्टलाही पाइन आहेतच उभे.

बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हराळीच का?

हो. तीच ती, सायनोडॉन डॅक्टिलॉन. कपाशीच्या धुऱ्यावरून आत घुसली की शेतकऱ्याची झोप उडवणारी, आणि गणपतीला एकवीस जुड्यांनी वाहिली जाणारी. अमेरिकेत तिला बर्म्युडा म्हणतात.

ग्रीनवर मात्र साधी हराळी चालत नाही. ग्रीन तीन-चार मिलिमीटरवर कापावा लागतो, साधी हराळी एवढी खाली कापली की विरळ होते. त्यासाठी तिचा आफ्रिकेतल्या एका बारीक जातीशी संकर केला. जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी हे काम केलं. टिफग्रीन, १९६० चं टिफवे, १९६५ चं टिफड्वार्फ ही नावं तिथलीच. भारतातल्या कित्येक मैदानांवर हीच गवतं आहेत. त्यांना बी धरत नाही, त्यामुळे कांड्या पेरूनच लावावी लागतात, उसासारखी.

आता खरी गंमत. याच बर्टन यांनी बाजरीचा टिफ्ट २३-ए नावाचा नर-वंध्य (ज्याचे परागकण निकामी असतात असा) वाण तयार केला. तो भारतात आणून लुधियानाला त्यापासून एचबी-१ काढली. १९६५ ची ही आपली पहिली संकरित बाजरी. म्हणजे साहेबांच्या ग्रीनचं गवत आणि आपल्या ताटातली भाकरी एकाच माणसाच्या वाफ्यातून निघाली. कृषी महाविद्यालयात आम्हाला बाजरी शिकवली, गवताचं कुणी बोललंच नाही. मला हे नोकरी लागल्यावर कळलं.

आपल्या काळ्या मातीत चांगला ग्रीन का होत नाही?

होतो, पण मातीला बाजूला ठेवून. काळ्या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मे महिन्यात भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच माती पाणी खाली सोडत नाही, मुळं गुदमरतात. त्यात आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

म्हणून ग्रीनखाली वेगळी खोली बांधावी लागते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये याची पद्धत छापली, आजही थोड्या फरकाने तीच वापरतात. खाली निचऱ्याच्या नळ्या, त्यावर १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. सेंट अँड्र्यूज आणि पाइनहर्स्टला निसर्गाने हे फुकट दिलं, दोन्ही जागा वाळूच्याच. आपल्याला ती ट्रकने आणावी लागते. कन्हानची वाळू चांगली, पण सरसकट वापरू नका. चाळून, धुऊन आणि दाणा तपासून घ्या. गाळ राहिला तर दोन पावसाळ्यांत वर साय धरते.

नागपूरच्या पश्चिमेला काळा खडक आणि काळी माती, पूर्वेला कामठीकडे गेलं की जमीन बदलते. भूगर्भशास्त्रात तर वालुकाश्माच्या एका थराला 'कामठी' हेच नाव आहे. तेव्हा 'नागपूरची माती अशीच' असं कुणी ठोकून सांगितलं तर आधी खड्डा खणायला लावा.

नागपूरला गोल्फचा इतिहास आहे का?

छावणीचा आहे. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, कामठी छावणी १८२१ ची. योगायोग म्हणजे ज्याच्याकडे रॉस शिकला तो ओल्ड टॉम मॉरिसही १८२१ चाच. भारतातला पहिला गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ मध्ये निघालेला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सगळ्यात जुना. मग जिथे पलटण तिथे आज ना उद्या गोल्फ, असा तो काळ. कामठीला लष्कराचं मैदान आजही आहे. पण तो लष्करी भाग आहे, आपण सहज आत शिरायचं नाही.

हा श्रीमंतांचा खेळ नाही का? एवढं पाणी, एवढी जमीन?

आपल्याकडे आहे, खोटं कशाला बोलू. पण सेंट अँड्र्यूजचं मैदान सार्वजनिक आहे, चिठ्ठी टाकून कुणालाही खेळता येतं. रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी पोरं-कुत्री घेऊन त्याच फेअरवेवर फिरतात. आणि खेळणारे सगळे बंगल्यांतलेच नसतात. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर, त्याने दिल्लीत कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) म्हणून सुरुवात केली होती. ऑगस्ट २०२१ मधल्या त्या शनिवारी पहाटे आपली गोल्फपटू अदिती अशोक ऑलिंपिक पदकाच्या एवढी जवळ आली तेव्हा आमच्या टपरीवाल्याने मला विचारलं, बर्डी म्हणजे काय? होल ठरल्यापेक्षा एक फटका कमी मारून पूर्ण करणं म्हणजे बर्डी, सीताबर्डीशी त्याचा संबंध नाही, एवढं समजावण्यात पोहे गार झाले.

पाण्याचं म्हणाल तर नळाचं किंवा धरणाचं पिण्याचं पाणी गवताला घालणं मलाही पटत नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातंच, गवतालाही असंच पाणी चालतं. फक्त त्यातलं सोडियम तपासा. ते जास्त असेल आणि खाली काळी माती असेल तर जमीन चिखलासारखी बसते. पण पाण्याची पहिली बचत तोट्या कमी करण्यात आहे, ११५० च्या ४५०. फेअरवेच्या कडेला हिरवं कशाला लागतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तुमच्या हातून कधी मैदान बिघडलं का?

बिघडलं. तेव्हा मी पस्तिशीत होतो. एका मैदानावर पाहुणे येणार होते, ग्रीन फिकट दिसत होता. मी संध्याकाळी युरिया टाकायला सांगितला आणि पाणी द्यायच्या वेळी नेमकी वीज गेली. सकाळी पाणी दिलं, तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ग्रीनवर वाघाच्या कातड्यासारखे पट्टे. तिथला एक म्हातारा माळी, ज्याने उभ्या आयुष्यात ब्राऊनच सांभाळले होते, वाळू साफ करायचा लोखंडी पाइप ओढत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, वाळू जळत नाही."

तुम्ही पाइनहर्स्टला गेलात का कधी?

नाही.

नव्या मैदानावर ब्राऊन करता येतील का?

करता येतील, आणि मी प्रत्येक बैठकीत सुचवतो. सगळे अठरा नाही. सरावासाठी तीन, शाळेच्या पोरांसाठी. खनिज तेलाऐवजी दुसरं काही बांधणी म्हणून वापरून बघता येईल. मी घरामागे दोन वाफ्यांत प्रयोग लावला आहे, एकात वाळूसोबत चाळलेला मुरूम, दुसऱ्यात थोडी चिकणमाती, रॉसच्या पद्धतीची. मुरमाचा पावसात वाहून गेला. चिकणमातीचा अजून उभा आहे.

हायब्रीड दूर्वा गणपतीला चालते का?

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो, बहुतेक वेळा घरातूनच. शास्त्राचं गुरुजींना विचारा. माझा अनुभव एवढाच की टिफड्वार्फचं पातं इतकं आखूड असतं की जुडी बांधताच येत नाही. आमच्या घरी कंपाउंडबाहेरच्या नालीकाठची साधी हराळी येते, जिला मी वर्षभर उपटायला सांगत असतो.